'असं काही करेल वाटलं नव्हतं' : खुनातला 'का' शोधताना

आजचा भाग जरा जड आहे. विषय खुनाचा आहे. मारण्याचे तपशील गरजेपुरतेच येतील, तरी घरात लहान मुलं असतील तर इअरफोन लावा.

सांताक्रूझ पूर्वेला, विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसच्या परिसरात, हंसभुग्रा मार्गावर एक सरकारी कार्यालय आहे. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा. हे लांबलचक नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण 'व्हिसेरा कलिना येथील प्रयोगशाळेत पाठवण्यात आला आहे' हे वाक्य बातम्यांत नक्की वाचलं असेल. ते कलिना हेच. रक्ताचे डाग पडलेला शर्ट, कोयता, औषधाची बाटली, डीएनएचे नमुने, सगळं सीलबंद होऊन इथे येतं. रक्त माणसाचं की जनावराचं, पोटात विष होतं का, असेल तर कोणतं, हे इथली माणसं सांगतात. म्हणजे 'कशाने' ते कळतं, आणि बऱ्याचदा 'कुणी' तेही.

'का' तपासायचं यंत्र मात्र तिथे नाही. ते काम बाहेर चालतं. स्टेशनकडे जाणाऱ्या शेअर रिक्षात, लोकलच्या दारात, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. आणि तिथला रिपोर्ट यायला महिने लागत नाहीत, तासाभरात निकाल.

तो निकाल बहुतेक वेळा एकाच वाक्याने सुरू होतो. चॅनेलवाला बूम माईक शेजाऱ्यासमोर धरतो आणि शेजारी म्हणतो, 'चांगला होता हो. कुणाच्या अध्यात ना मध्यात. असं काही करेल वाटलं नव्हतं.' हे वाक्य जरा थांबून ऐका. 'अध्यात ना मध्यात' हे आपल्याकडे चारित्र्याचं प्रमाणपत्र आहे. खरं तर त्याचा अर्थ एवढाच, की आम्ही या माणसाशी कधी नीट बोललेलो नाही.

कायद्याचं काय? लोकांना वाटतं कोर्टाला 'का' लागतंच. तसं नाही. खून ठरायला मारण्याचा उद्देश लागतो. त्या उद्देशामागचा हेतू, म्हणजे पैसा, सूड, मत्सर, हा पुरावा म्हणून महत्त्वाचा असतो. पण बाकी पुरावा पक्का असेल तर हेतू सापडला नाही म्हणून आरोपी सुटत नाही. कोर्ट 'का'शिवाय फाशीसुद्धा देऊ शकतं. आपल्याला मात्र 'का'शिवाय झोप येत नाही.

म्हणून आज दोन जुनी प्रकरणं. एक आपल्या उपनगरांतलं, एक पुण्यातलं. पहिल्यात लोकांना उत्तर मिळालं. दुसऱ्यात अजून मिळालेलं नाही, आणि माझ्या मते ते शोधायची जागाच चुकली.

पहिलं, रामन राघव. १९६८. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी मुंबईकर असेल तर त्यांना हे नाव विचारून बघा. उपनगरांत फुटपाथवर, झोपड्यांत, उघड्यावर झोपलेल्या माणसांच्या डोक्यात रात्री कुणीतरी जड वस्तू घालत होतं. बळी गरीब, चोरी नावापुरती. लोक रात्री काठ्या घेऊन गस्त घालायला लागले. अफवा तर अशा की तो मांजर होतो, पोपट होऊन उडून जातो. हसू नका. पन्नास-पंचावन्न वर्षांनी आपण मुलं पळवणाऱ्या टोळीचे फॉरवर्ड पाठवतोच की.

त्या वेळी गुन्हे शाखेची सूत्रं रमाकांत कुलकर्णींकडे होती. २७ ऑगस्ट १९६८ ला सब-इन्स्पेक्टर अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी एका माणसाला ओळखून पकडलं. तो सुरुवातीला बोलेचना. त्याला हवं ते चिकनचं जेवण दिलं, मग बोलायला लागला, ही गोष्ट पोलीस खात्यात दंतकथेसारखी सांगतात. सेशन्स कोर्टाने फाशी दिली. त्याने अपील करायला नकार दिला. हायकोर्टाने मात्र मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमलं आणि त्यांचं निदान आलं : जुनाट स्किझोफ्रेनिया, भ्रमाचा. त्याच्या डोक्यात एक वेगळंच जग चालू होतं. शेवटी फाशीची जन्मठेप झाली. त्याला पुण्याला येरवड्यात ठेवलं, आणि १९९५ मध्ये ससून रुग्णालयात तो वारला.

तर लोकांना उत्तर मिळालं : वेडा होता. विषय संपला. या एका माणसापुरतं ते वैद्यकीयदृष्ट्या खरंही होतं. गडबड अशी झाली की तेव्हापासून आपण हा शिक्का कुठेही मारायला लागलो. खून केला म्हणजे वेडाच असणार. आणि उलटही, मानसिक आजार आहे म्हणजे हा कधीतरी काहीतरी करणार. स्किझोफ्रेनिया असलेली बहुसंख्य माणसं आयुष्यात कुणावर हात उगारत नाहीत, उलट तीच इतरांच्या हिंसेला जास्त बळी पडतात. तुमच्या ओळखीत कुणी औषधं घेत असेल तर हे वाक्य लक्षात ठेवा, एवढीच विनंती.

आता पुणे. आठच वर्षांनी.

टिळक रोडवरचं अभिनव कला महाविद्यालय. तिथे कमर्शियल आर्ट शिकणारी विशीतली पोरं : राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शाह. बरोबर आणखी एक मित्र, पाचवा. त्याच्याकडे नंतर येऊ. कॉलेजमागे एक छोटं हॉटेल होतं, आणि ते चालवणाऱ्यांचा मुलगा प्रकाश हेगडे यांच्याच वर्गात होता.

१५ जानेवारी १९७६. काहीतरी निमित्त काढून त्यांनी प्रकाशला जक्कलच्या कर्वे रोडवरच्या पत्र्याच्या खोलीत नेलं. तिथे त्याच्याकडून जबरदस्तीने चिठ्ठी लिहून घेतली, की मी घर सोडून जातोय. रात्री पेशवे पार्कात नेऊन दोरीने गळा आवळला आणि मृतदेह पिंपात घालून तळ्यात बुडवला. खंडणीची चिठ्ठी वडिलांकडे गेली ती त्यानंतर.

क्रम बघा. आधी खून, मग खंडणी. 'पैसे नाही मिळाले म्हणून मारलं' असं नाहीये. प्रकाश त्यांना ओळखत होता. त्याला सोडलं असतं तर तो नावं सांगणार, म्हणून त्याचं मरण योजनेत पहिल्यापासून होतं. एखाद्या कामात अडचण येऊ नये म्हणून आधीच तजवीज करतात, तसं. रागाचा झटका नाही की काही नाही. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात थंड वाटतं ते हे.

आणि मुलगा घरातून पळून गेलाय, चिठ्ठी आहे, म्हटल्यावर जगाच्या लेखी खून झालाच नव्हता. पोरं कॉलेजात येत राहिली.

ऑगस्टमध्ये कोल्हापुरात एका घरावर दरोड्याचा प्रयत्न फसला. ३१ ऑक्टोबरला विजयनगर कॉलनीत जोशींच्या घरी शिरून नवरा-बायको आणि मुलगा अशा तिघांना मारलं. हाती काय लागलं? मंगळसूत्र, घड्याळ, थोडेफार पैसे. २२ नोव्हेंबरला शंकरशेठ रोडवरच्या एका बंगल्यात शिरले, पण तिथल्या नोकरांनी जोराचा प्रतिकार केला आणि हे कुंपणावरून उड्या टाकून पळाले. मग १ डिसेंबरला भांडारकर रोडवरचा 'स्मृती' बंगला. काशिनाथशास्त्री अभ्यंकर, संस्कृत व्याकरणाचा कोश करणारे मोठे पंडित. ते, त्यांच्या पत्नी, नातू, नात आणि कामाला असलेल्या सकूबाई वाघ. पाच जण.

पुणं हादरलं. संध्याकाळ झाली की रस्ते सामसूम. त्यात देशात आणीबाणी, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, म्हणजे अफवांना मोकळं रान. इतकं क्रूर काम बाहेरून आलेल्या सराईत टोळीचंच असणार, हा सगळ्यांत सोपा अंदाज. सोपा म्हणजे सोयीचा. 'आपल्यातलं' कुणी नसणार, एवढं त्यात नक्की होतं.

२१ मार्च १९७७ ला आणीबाणी उठली. २३ मार्चला जक्कलने अनिल गोखले या तरुणाला मोटरसायकलवर लिफ्ट दिली. अनिल हा त्यांच्याच मित्राचा धाकटा भाऊ, आणि त्या संध्याकाळी त्याला अलका टॉकीजला भावाला भेटायचं होतं. तो पोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे तिकडे दिल्लीत मोरारजी देसाई पंतप्रधानपदाची शपथ घेत होते त्या दिवशी, लोखंडी शिडीला बांधलेला त्याचा मृतदेह मुळा-मुठेत वर आला. अनिलला ओळखणाऱ्या पोरांकडे पोलिसांनी चौकशी सुरू केली. जबाब एकमेकांशी जुळेनात. मार्च संपायच्या आत सगळे आत होते.

आणि मग अख्ख्या महाराष्ट्राने तेच वाक्य म्हटलं. कॉलेजची पोरं? चित्रं काढणारी? असं काही करतील वाटलं नव्हतं.

मग उत्तरं. तुमच्या आजी-आजोबांना विचारलंत तर एकेक निघेल : वाईट संगत, दारू, इंग्रजी सिनेमे, झटपट पैशाची हाव, आईबापांचं लक्ष नाही. यातलं एकही धडधडीत खोटं म्हणता येणार नाही. पण प्रत्येकाला एक साधा प्रश्न विचारून बघा. त्या वर्षी पुण्यात दारू पिणारी, वाईट संगतीतली, सिनेमाचं वेड असलेली पोरं किती असतील? हजारो. खून चौघांनी केले. जे कारण हजारोंना लागू पडतं ते चौघांचं स्पष्टीकरण कसं होणार? पैशाचं घ्या. हाव होती, मान्य. पण जोशींच्या घरातून मिळालेल्या मालात आणि तीन जीवांत कसला हिशोब बसतो?

राहिलं 'राक्षस होते'. या उत्तराला मी त्या शंकरशेठ रोडच्या कुंपणावर नेऊन उभं करेन. नोकरांनी आरडाओरडा केला, हात चालवला, तर हे राक्षस पळाले. तारांवरून, जीव मुठीत धरून. राक्षस असे पळत नाहीत. पकडले जाऊ म्हणून घाबरलेली माणसं पळतात.

आता 'साधी पोरं' याकडे वळू. साधी म्हणजे कशी? ही मंडळी दारू पितात, दुचाक्या चोरतात, हे कॉलेजच्या परिसरात माहीत होतं असं सांगतात. म्हणजे अगदी पापभिरू, नाकासमोर चालणारी वगैरे नव्हती. पण आपल्या भाषेत यासाठी किती मऊ शब्द आहेत बघा : उनाड, टवाळ, वांड. 'पोरं आहेत, करतात.' गाडी चोरणं हा गुन्हा आहे, पण 'उनाड' म्हटलं की तो वयाचा दोष होतो. मग पुढचं कळल्यावर मधली पायरी कुणाला आठवतच नाही. उनाड ते थेट राक्षस, अशी उडी दिसते आणि आपण म्हणतो, हे झालं कसं?

उडी नव्हतीच. पायऱ्या होत्या. चोऱ्या. मग ओळखीच्या मुलाचा खून, जो पचला. माझ्या मते या प्रकरणाचा कणा हा 'पचला' शब्द आहे. चिठ्ठीवर विश्वास बसला, तळ्याने पिंप झाकलं, सकाळी कॉलेज भरलं, आकाश कोसळलं नाही. आदल्या दिवशीपर्यंत जे अशक्य वाटत असेल ते आता करून झालेलं होतं. आणि त्यातून एक कार्यपद्धतही हाताशी आली : ओळखणारं कुणी मागे ठेवायचं नाही. पुढे जोशींच्या आणि अभ्यंकरांच्या घरात तीच चालली.

हे मी चौघांच्या मनात शिरून सांगत नाहीये. बाहेरून दिसणारा क्रम सांगतोय.

ख्रिस्टोफर ब्राउनिंग या अमेरिकन इतिहासकाराचं 'ऑर्डिनरी मेन' नावाचं पुस्तक आहे, १९९२ चं. जर्मन राखीव पोलिसांच्या एका तुकडीबद्दल. हॅम्बुर्गकडची मध्यमवयीन, घरदार असलेली माणसं. १३ जुलै १९४२ ला पोलंडमधल्या युझेफुफ गावात त्यांना ज्यूंना, बायकामुलांसकट, गोळ्या घालायला सांगितलं गेलं. त्यांचा मेजर आधी म्हणाला, ज्यांना जमणार नाही त्यांनी बाजूला व्हा. पाचशेच्या आसपास माणसांतले जेमतेम डझनभर तेव्हा पुढे आले. त्या दिवसानंतर कित्येक जण हादरलेले होते, जेवण जाईना. पुढच्या वेळी कमी हादरले. नंतर सवय झाली. युद्धातल्या वंशसंहाराची आणि पुण्याची तुलना होत नाही, मी करतही नाही. पहिल्या वेळेचं आणि दुसऱ्या वेळेचं अंतर तेवढं दाखवतोय.

अजून एक, शिकागो, १९२४. नेथन लिओपोल्ड आणि रिचर्ड लोब, १९ आणि १८ वर्षांचे, श्रीमंत घरचे, हुशार. १४ वर्षांच्या ओळखीच्या मुलाला पळवून मारलं, आणि खंडणीची चिठ्ठी त्यानंतर. तिथेही लोकांनी कारणं शोधली : नीत्शे वाचला म्हणून, डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांमुळे, फार पैशामुळे. वकिलांच्या डॉक्टरांनी तर शरीरातल्या ग्रंथी तपासल्या. शंभर वर्षं झाली, शिकागोत अजून एकमत नाही. तर आपल्या शेअर रिक्षाने तासाभरात निकाल दिला, त्याला मानलं पाहिजे!

आता तो पाचवा मित्र. त्याचं नाव घेत नाही, कोर्टाच्या कागदांत आहे. प्रकाशच्या खुनाच्या वेळी तो होता. पुढच्या खुनांत नव्हता. अटकेनंतर तो माफीचा साक्षीदार झाला आणि त्याची साक्ष खटल्यात कळीची ठरली. तुमच्यापैकी काहींनी नाना पाटेकरांचा 'माफीचा साक्षीदार' हा १९८६ चा सिनेमा पाहिला असेल, तो याच प्रकरणावर बेतलेला. अनुराग कश्यपचा 'पाँच' निघाला तोही याच्याच सावलीत. रामन राघववरही नंतर सिनेमा केला तो कश्यपनेच.

दोन्ही सिनेमांचा रोख मारणाऱ्यांवर आहे, आणि ते समजण्यासारखं आहे. मला मात्र मधले चौदा महिने सतावतात. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७. हेगडे कुटुंब मुलाची वाट बघत होतं आणि पिंप कुठे आहे हे या मुलाला माहीत होतं. जोशींच्या घरची बातमी आली तेव्हा त्याच्या मनात काय आलं असेल? अभ्यंकरांची आली तेव्हा? तो खुनांपासून लांब राहिला, म्हणजे कुठेतरी थांबायची ताकद होती. पण लांब राहणं आणि पोलीस चौकीची पायरी चढणं यात नऊ माणसं गेली.

भीती असणार. चौघं त्याला ओळखत होते, आणि ओळखणाऱ्यांचं ते काय करतात हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. स्वतःही पहिल्या गुन्ह्यात अडकलेला. विशीतल्या मुलाने काय करायला हवं होतं हे माईकसमोर बसून सांगणं सोपं आहे. तरीसुद्धा 'साधा माणूस खून का करतो' या प्रश्नावर जेवढा खल झाला, त्याच्या दशांश तरी 'साधा माणूस गप्प का बसतो' यावर व्हायला हवा होता. कारण खुनी आपल्या आजूबाजूला क्वचित असतो. गाडी चोरीची आहे, त्याने हिला मारलंय, याच्याकडे शस्त्र आहे, हे माहीत असून 'आपल्याला काय करायचंय' म्हणणारे आपण मात्र रोज असतो. पहिल्या पायरीवर कुणी हटकलं असतं तर काय झालं असतं, हे सांगता येत नाही. पण हटकता येतं ते तिथेच.

खटला मे १९७८ मध्ये उभा राहिला. २८ सप्टेंबर १९७८ ला सेशन्स कोर्टाने चौघांना फाशी सुनावली. हायकोर्टाने १९७९ मध्ये आणि सुप्रीम कोर्टाने १९८० मध्ये ती कायम केली. मुनव्वर शाहने तुरुंगात आत्मकथन लिहिलं, नाव 'येस, आय अ‍ॅम गिल्टी'. २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. रामन राघवही तेव्हा येरवड्याचाच कैदी होता.

एक शेवटचं, नावाबद्दल. या प्रकरणाला सगळे 'जोशी-अभ्यंकर खून खटला' म्हणतात. त्यात प्रकाश हेगडे येत नाही, ज्याच्यापासून सुरुवात झाली. अनिल गोखले येत नाही, ज्याच्यामुळे बाकीचं उघडकीला आलं. आणि सकूबाई वाघ येत नाहीत. पंडितांच्या घरी कामाला असलेली बाई, १ डिसेंबरला त्या बंगल्यात होती. जक्कल, सुतार, जगताप आणि शाह 'का' असे वागले यावर पन्नास वर्षं बोलणं चाललंय. सकूबाई कोण होत्या, कुठून कामाला यायच्या, घरी कोण होतं, हे त्या वेळी कुणी फारसं विचारलं नाही.